रविवारी दहाच्या ठोक्याला

बोरी, ता. जिंतूर
२२ जून १९८७

ती. बन्सीधरदादा,

नमस्कार पत्राच्या शेवटी करीन म्हणते, तोवर राग उतरला तर.

तुमचं पाकीट परवा मिळालं. मला वाटलं, माझ्या रुख्मिणीला कधी आणून सोडताय ते लिहिलं असेल. उघडून बघते तर आत माझंच वेळापत्रक. पाच वाजता उठणे. सव्वापाचला सडा. सहा ते सात स्वयंपाक. सात ते अकरा शिलाई, आणि 'मध्ये उठू नये' याच्या खाली दोन रेघा. दादा, मी तुमची धाकटी बहीण आहे, तुमच्या जिनिंगमधली मजूर बाई नाही. तिथं तुम्ही टाइमकीपर आहात, कोण किती उशिरा आलं ते मांडायचा पगार घेता. इथं तुम्हाला हे काम कुणी सांगितलं?

तरी मी तो कागद भिंतीला लावला. पहिल्या दिवशी अंदाजानं पाचला उठलेसुद्धा. सडा टाकायला बादली घेतली तर तिची कडी निखळलेली. कडी बसवायला तार शोधायला गेले, तर तारेच्या डब्यात लाल रेशमाची रीळ सापडली. पाटलांच्या सुनेच्या झंपरासाठी ती मी कधीची शोधत होते. मग काय, मशीनवर बसले. रुख्मिणीचे वडील उठून बाहेर आले तेव्हा ऊन अंगणात आलेलं, झंपर काज-हुकासकट तयार आणि बादली होती तिथंच. "सडा?" म्हणाले. मी म्हटलं, "आधी झंपर बघा." त्यांनी बघितलं. तुम्ही असता तर सडाच बघितला असता.

लहानपणापासून तुम्ही मला आळशी म्हणत आलात. आळशी माणूस बसून असतो. मी कधी बसून असते का, विचारा गावात कुणालाही. मी दिवसभर पळत असते, फक्त जिथं पोचायचं तिथं पोचत नाही. समोरचं काम मला दिसतं. पुढचं काम म्हणजे मला परगावासारखं, आहे हे माहीत असतं पण दिसत नाही. आई म्हणायची पदराला गाठ मार म्हणजे आठवण राहील. मी मारायचे. संध्याकाळी पदराला ढीगभर गाठी आणि एकही कशाची ते आठवायचं नाही. तुम्ही त्यावर हसायचा, आईपण हसायची. मी रात्री त्या गाठी दातांनी सोडवायचे. हे कुणी बघितलेलं नाही.

आता पोखर्णीचं. तुम्ही प्रत्येक पत्रात ते काढता, म्हणून एकदाच लिहिते. मे महिन्यात तुमच्या धाकट्याचं जावळ होतं. आत्यानं पदर पसरून केस झेलायचे, म्हणून मी रुख्मिणीला घेऊन आले. तिला देवळाबाहेर चपलांपाशी बसवून मी नारळ आणायला गेले. नारळाच्या दुकानात एका बाईच्या झंपराची बाही बघितली. तसली चुण्यांची बाही मी जन्मात बघितली नव्हती. ती कशी बेतली ते विचारत मी तिच्या मागं गेले, तिनं बाही उलटी करून दाखवली, आणि मी परत आले तेव्हा जावळ उरकलं होतं. न्हावी निघून गेलेला. केस कमलवहिनीच्या बहिणीनं झेलले. इथपर्यंत तुम्ही मला हवं ते बोला, मी ऐकून घेते.

पण रुख्मिणी कुठं होती? चपलांपाशी नव्हती. तुम्ही तिला उचलून तुमच्या घरी परभणीला घेऊन गेला होता आणि मला निरोप ठेवला होता कुणापाशी, तर कोपऱ्यावरच्या फुलवालीपाशी. ती फुलवाली मला संध्याकाळी भेटली. तोवर मी काय केलं असेल ते तुम्ही कधी विचारलं का? मी विहिरीत वाकून बघितलं, दादा. नुसतं एकदा नाही. तुम्हाला मला धडा शिकवायचा होता.

मग म्हणालात, शाळा उघडेपर्यंत राहू दे. मग रुख्मिणीच्या वडलांशी गोड बोलून इथल्या शाळेतला दाखला नेलात आणि परस्पर तिचं नाव तिकडं घातलंत. बोरीला दहावीपर्यंत शाळा आहे. माझी मुलगी मला परत पाठवा.

नमस्कार राहू द्या. उतरला नाही.

सुला


बोरी
१७ जुलै १९८७

ती. दादा,

तुमचं उत्तर मिळालं. 'मुलगी इथं शिस्तीत आहे, तिची काळजी करू नये. आधी तू सुधार, मग बघू.' खाली कमलवहिनीचं अक्षर, की धनगराच्या बाईला तुम्ही दुपारभर घरात बसवून ठेवता असं ऐकलं, लोक काय म्हणतील.

लोक काही म्हणत नाहीत, वहिनीच म्हणतात. तर त्या बाईचं नाव बानूबाई. आमच्या लिंबाखाली तिची मेंढरं दुपारची बसतात आणि ती माझ्या ओसरीवर लोकर कातत बसते. मी एकटी मशीनवर असले की दर दोन टिपांनी उठते. पाणी प्यायला उठते आणि भिंतीचा पोपडा काढत बसते. बानूबाई समोर असली की माझा हात चालतो. का चालतो, ते मला सांगता येणार नाही. ती मला काही सांगत नाही, शिकवत नाही, किती झालं विचारत नाही. मी उठले की एवढंच म्हणते, "कुठं चाललीस?" आणि मग मला कळतं की मी कुठंतरी चालले होते. मी परत बसते. या लगीनसराईत एकाही नवरीचं झंपर माझ्याकडं राहिलं नाही. ते तुमच्या वेळापत्रकानं झालं नाही, तिच्या सोबतीनं झालं.

मी तिला तुमचं पत्र वाचून दाखवलं. म्हटलं, "माझा भाऊ म्हनतो तू रिकामी बसतीस." ती म्हणाली, "मी कुठं रिकामी? मी सूत कातायले. रिकामा तर तुजा भाऊ दिसतो, एवढाले कागद लिवतो."

तुम्हाला माझं काही ठरलेलं नसतं असं वाटतं. ठरलेलं असतं, फक्त ते घड्याळात नसतं. पिठाची गिरणी सुरू झाली की मी तवा ठेवते. जिंतूरची गाडी फाट्यावर हॉर्न देऊन गेली की रुख्मिणीची वेणी, आणि वेणी झाली की तिनं निघायचं. तुम्ही म्हणाल, गाडी आलीच नाही तर? आली नाही, दोनदा. नामांतरासाठी रस्ता अडवला होता तेव्हा. त्या दोन दिवशी रुख्मिणी घरी राहिली. मास्तरपण घरीच होते.

आणि तुम्ही लिहिता, 'पोरगी अगदी तुझ्यावर गेली आहे.' पीठ आणायला पाठवली की मुंग्यांची रांग बघत बसते, अर्धा गृहपाठ करून चित्र काढते, पाटी एकीकडं आणि दप्तर दुसरीकडं. खरं आहे, ती माझ्यावर गेली आहे. तुम्ही ते शिवी म्हणून लिहिलंय. मी तशी घेणार नाही. मला माझ्या लहानपणी समोर बसायला बानूबाई नव्हती. तिला मी आहे. म्हणून ती माझ्यापाशी हवी. हे एवढं साधं तुम्हाला का कळत नाही, की कळूनच घ्यायचं नाही?

रुख्मिणीचे वडील म्हणतात, "राहू दे की, शहरात शिकंल. भावा-बहिणीच्या भांडणात मी पडत न्हाई." त्यांच्याशी मी परवापासून बोलत नाही. जेवायला वाढते, बोलत नाही.

तिला रागावू नका असं मी लिहीत नाही. मामा आहात, रागवा. तिला सगळ्यांसमोर हसू नका, एवढंच.

सुला


बोरी
१२ ऑगस्ट १९८७

ती. दादा,

राखी पोचली का, ते तुम्ही लिहिलं नाहीत. उशिरा पोचली एवढं मात्र लिहिलंत.

तुमची अट वाचली. रविवारी, २३ तारखेला, सकाळी दहाच्या ठोक्याला मी तुमच्या घरी यायचं. आपले व्यंकटमामा मधे बसतील. मी वेळेत आले तर रुख्मिणी माझी. दहा वाजून गेले तर ती दहावी होईपर्यंत तुमच्याकडं राहील आणि मी पुन्हा तोंड उघडायचं नाही.

लेकरू आहे का कापसाची गाठ? आईनं आपलं लेकरू मागायला यायचं तर त्याला ठोका कशाला लागतो? मामांनाही हे पटलं याचं मला नवल वाटतं. तुम्ही त्यांना पोखर्णीचं सांगितलं असणार आणि विहिरीचं गाळलं असणार.

तुम्ही ही अट घातलीत कारण तुम्हाला माहीत आहे मी हरणार. मी दहा वाजता कुठंही पोचलेली तुम्ही कधी बघितलेली नाही. माझ्या स्वतःच्या लग्नात अक्षता पडायच्या वेळी मी मागच्या दारी मेंदी धूत होते आणि तुम्ही येऊन मला दंडाला धरून ओढत नेलंत. पाहुण्यांना ही गोष्ट तुम्ही अजून सांगता. लोक हसतात. मीपण हसते. हसण्यावारी नेलं नाही तर रडावं लागेल म्हणून हसते.

अट मला मान्य आहे. मान्य नाही म्हणायला तुम्ही जागाच ठेवली नाहीत. रुख्मिणीचे वडील सोबत येतो म्हणाले, मी नको म्हटलं. त्यांच्या जिवावर वेळेत आले तर तुम्ही म्हणाल, नवऱ्यानं आणली.

मला भीती वाटते, दादा. हे तुम्हाला लिहायला नको होतं, पण लिहून झालं. दोन दिवस माझ्या हातून धड टीप पडत नाही. रुख्मिणीला सांगा, आई येते म्हणून. माझ्याकडून सांगा, तुमच्याकडून नको.

सुला


बोरी
३१ ऑगस्ट १९८७

बन्सीधर,

जन्मभर तुम्ही-तुम्ही केलं. आता जमत नाही.

तुझं पत्र आलं. 'रविवारी दहा वाजता तू हजर नव्हतीस. मामा साक्षीला होते. अट तू मोडलीस. मुलगी आणून सोड.' बरोबर आहे, रविवारी दहा वाजता मी नव्हते. मामांना तू हे सांगितलंस. शनिवारचं सांगितलंस का? नसशीलच. म्हणून मी हेच पत्र दुसऱ्यांदा लिहून मामांना पाठवते आहे.

शनिवारी दुपारी मी उद्याची पिशवी भरत होते. बानूबाई समोर होती. रुख्मिणीसाठी लाडू घेतले, परकर घेतला, आणि हातात होती म्हणून शिलाईची कात्रीपण आत गेली. मग परत सगळं काढलं, परत भरलं. आणि मला कळून चुकलं की उद्या मला जमणार नाही. पहाटे उठेन, आंघोळ करीन, दाराला कडी लावीन आणि तिथून फाट्यापर्यंत काहीतरी होईल. ते काय होईल ते आज सांगता येत नाही, पण होईल. मला वेळेवर जाता येत नाही. मला उशिरा जाता येतं आणि लवकर जाता येतं. मधली ती बारीक फट मला सापडत नाही. बानूबाईला म्हटलं, "मी आजच जाते." ती म्हणाली, "जा की. भावाच्या घरी जायाला दिस लागतो व्हय?"

चुलीवर डाळ होती. ती तशीच उतरवली आणि निघाले.

तुझ्या दारात आले तेव्हा अजून उजेड होता. वहिनी शेजारी गेल्या होत्या. मी ओट्यावर बसले. आपल्याच भावाच्या ओट्यावर परक्यासारखी, पिशवी मांडीवर घेऊन. आणि गल्लीच्या टोकाला पोरांचा कालवा ऐकू आला. "टाइमपीस आली रे, टाइमपीस आली. किती वाजले, टाइमपीस?"

रुख्मिणी येत होती. गिरणीतून पिठाचा डबा घेऊन. दोन्ही हातांनी डबा धरलेला आणि गळ्यात सुतळीनं बांधलेलं गजराचं घड्याळ. डोक्यावर दोन घंट्या असतात तसलं मोठं. चालताना ते छातीवर आपटत होतं आणि घंट्या आपोआप किणकिणत होत्या.

तिनं मला बघितलं. पळत येईल असं वाटलं मला. ती थांबली आणि आधी घड्याळ बघितलं. मग म्हणाली, "आई, तुजा दिवस चुकला. उद्याला यायचं व्हतं."

"न्हाई चुकला," मी म्हटलं.

"आज शनिवार हाय."

"म्हाईत हाय मला."

तिनं परत घड्याळात बघितलं. "मग मी आत जाऊ का? साडेसहाला पीठ चाळायचं असतंय."

बन्सीधर, माझी मुलगी तीन महिन्यांनी मला भेटली आणि तिनं मला आत जाऊ का विचारलं. मी तिला जवळ ओढलं. ती आली, पण डबा सोडेना. सुतळीची गाठ इतकी आवळलेली की सुटेना. मी पिशवीतली कात्री काढली आणि कापली. गळ्याला लाल वळ होता, मागून पुढंपर्यंत. शाळेत जातानापण घालायचं का, विचारलं. म्हणाली, शाळेत दप्तरात ठेवते, पण तिथं ते टिकटिकतं, म्हणून गुरुजी मागं बसवतात.

तेवढ्यात वहिनी आल्या. मला बघून पायरीवरच थबकल्या. "सुलाबाई, तुमी तर उद्या येनार व्हत्या." मग त्यांचं लक्ष घड्याळाकडं गेलं. चटकन उचलून पदराखाली घेतलं आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी काढनारच व्हतो की."

मी हे वाक्य मामांच्या पत्रात दोन रेघा मारून लिहिते आहे. उद्या सकाळी काढणारच होतो. म्हणजे रविवारी दहाला मी आले असते तर काय बघितलं असतं? न्हाऊ-माखू घातलेली रुख्मिणी, रिबिनी बांधलेली, मामांच्या शेजारी सतरंजीवर. आणि तू म्हणाला असतास, बघ कशी शिस्तीत आहे. आणि मी दहा वाजून गेल्यावर आले असते तर तीच रुख्मिणी तिथंच बसलेली मागं सोडून, मान खाली घालून घरी आले असते. आणि सोमवारी सकाळी तू ती सुतळी परत बांधली असतीस.

मग तू आलास. कामावरून थेट, खिशाला पेन. मला बघितलंस आणि आधी मनगट बघितलंस.

"उद्या दहाला बोलावलं व्हतं."

"व्हय."

"मग आज काऊन आलीस?"

"लवकर आले. ह्याला तरी उशीर म्हनू नका."

"मामा उद्या यायलेत. जो काय फैसला व्हायचा त्यो उद्या व्हईल."

"पोरीच्या गळ्यात काय बांधलंय?"

तू जरापण कचरला नाहीस, हे मला सगळ्यात लागलं. "शिस्त लागावी म्हनून," म्हणालास. "दोन महिने झाले, एक दिवस उशीर न्हाई. तुला जमलं का कधी असं? आज पोरगी नेलीस तर अट मोडली, ध्यानात ठेव."

"मोडली," मी म्हटलं.

मी रुख्मिणीचा हात धरला आणि निघाले. तू मागून मामा, इज्जत, रीत असं काहीतरी बोलत होतास. मी ऐकलं नाही, कारण ती सारखी मागं बघत होती. गाडीत बसल्यावर तिनं विचारलं, "आई, पीठ कोन चाळंल?"

बानूबाईनं दुसऱ्या दिवशी तिचा गळा बघितला. म्हणाली, "आमी शेरडाच्या गळ्यात घंटी बांधतो, हरवू न्हाई म्हनून. हिच्या मामानं काऊन बांधली? ही तर हरवली न्हवती." याचं उत्तर तुझ्यापाशी असेल. तू देऊन बघ.

आणि रुख्मिणीचे वडील, जे भांडणात पडत नाहीत, ते मंगळवारी न सांगता परभणीला गेले आणि शाळेतून दाखला घेऊन आले. तुझ्याकडं आले नाहीत. आले असते तर बरं झालं नसतं, असं ते म्हणाले. एवढंच म्हणाले.

तुझ्या मनात तिचं वाईट करायचं नव्हतं असं मामा म्हणतील. नसेलही. पण तू तिला नाही बांधलंस, तू मला बांधलंस. मी हाताला लागत नाही म्हणून माझी लेक धरलीस. बाप गेल्यावर तू शाळा सोडून कामाला लागलास, पहाटे उठून, आणि मी तशीच मुंग्या बघत राहिले, याचा तुला तेव्हापासून राग आहे. तो राग मला समजतो. माझ्यावर काढायचा होतास. मी ऐकून घेतच होते की इतकी वर्षं.

मुलगी आणून सोडणार नाही. पुन्हा तसं लिहू नकोस.

सुला


बोरी
१८ ऑक्टोबर १९८७

बन्सीधर,

'झालं गेलं विसरून जाऊ. दरवर्षीप्रमाणे भाऊबीजेला येतो. कमल रुख्मिणीसाठी परकराचं कापड पाठवते आहे.' आणि खाली तुला राहवलं नाही, 'बोरीचे गुरुजी बाजारात भेटले होते. रुख्मिणी रोज सगळ्यांच्या आधी शाळेत येते म्हणाले. तेव्हा माझी शिस्त अगदीच वाया गेली नाही.'

हे वाचून मी तुझं पत्र खाली ठेवलं आणि अंगणात जाऊन आले. मग परत वाचायला घेतलं.

गुरुजींनी तुला अर्धंच सांगितलं. रुख्मिणी शाळेत सगळ्यांच्या आधी जाते, कारण ती शाळा उघडायच्या कितीतरी आधी जाते. दाराला कुलूप असतं आणि ती पायरीवर दप्तर धरून बसते. मी थांब म्हटलं तर थांबत नाही. जेवताना घास हातात घेऊन विचारते, किती वाजले. आमच्याकडं घड्याळ नाही, तर शेजारी जाऊन विचारून येते. गिरणी सुरू झाली की दचकते. पूर्वी दप्तरात दगड निघायचे, पिसं निघायची, एकदा मेलेला भुंगा निघाला होता काडेपेटीत घातलेला. आता वह्या निघतात. लोक मला म्हणतात, सुलाबाई, पोरगी सुधारली. मी हो म्हणते आणि मशीनवर बसते, आणि समोर बानूबाई असूनही माझा हात चालत नाही.

ती सुधारली नाही, बन्सीधर. ती घाबरलेली आहे. तुला दोन्हीतला फरक कळत नाही. तुझ्या हजेरीत दोन्ही सारखेच दिसतात.

तुला वाटत असेल, सुला जुनंच उगाळत बसली. तर काल काय झालं ते ऐक.

काल बानूबाईची एक मेंढी ओढ्याकाठी व्याली. रुख्मिणी शाळेतून येताना तिकडं वळली. तुझ्या घरून आल्यापासून पहिल्यांदा ती कुठंतरी वळली. मी वाट बघत होते आणि खरं सांगू का, उशीर होत होता तसा मला आनंद होत होता. म्हटलं, येऊ दे उशिरा. येऊ दे परकर मळवून. तव्यावरची भाकरी गार झाली तरी मी उठून बघायला गेले नाही.

दिवेलागण झाली तरी आली नाही, तेव्हा मात्र मी बाहेर आले. तर ती अंगणातच होती. कधीची आलेली होती कुणास ठाऊक. तुळशीच्या अलीकडं, भिंतीकडं तोंड करून, हात सरळ सोडून उभी. परकराला ओढ्याचा चिखल, हाताला कोकराचा वास. मी म्हटलं, "अगं, आत काऊन येईनास?"

तिनं मागं वळून बघितलं नाही. भिंतीलाच विचारलं, "आई, किती येळ उभी राहू?"

तुझ्या घरी उशीर झाला की अंगणात असं उभं करायचे, हे तिनं मला दोन महिन्यांत सांगितलं नव्हतं. मी विचारलंपण नव्हतं. घड्याळ दिसलं म्हणून मी कापलं. हे कसं कापू, ते सांग. कात्री माझ्याकडं चांगली आहे.

मी तिला आत आणलं. भाकरी परत गरम केली. कोकरू कसलं आहे विचारलं, तर काळं आहे म्हणाली, आणि एक पाय पांढरा. मग बराच वेळ त्या पायाबद्दल बोलली. तेवढा वेळ तिनं किती वाजले विचारलं नाही.

कापड पाठवू नका म्हणून वहिनींना सांग. भाऊबीजेला मी पाट मांडणार नाही, निरांजन लावणार नाही. तरी तुला यायचंच असेल तर ये. मी तुला हाकलणार नाही, एका आईची लेकरं आहोत. पण आत यायचं नाही. अंगणात उभा राहा, तुळशीच्या अलीकडं, भिंतीकडं तोंड करून. किती वेळ, ते मला विचारू नकोस. ते रुख्मिणीला विचार.

सुला